तळ्याच्या थेंबातील जीवाच्या पोटात धडधडणारे ते काय असावे?

होटगी रोड

नमस्कार. आम्ही सोलापुरात राहतो आणि माझी मुलगी आठवीत शिकते. तिच्या वाढदिवसाला आम्ही विद्यार्थ्यांसाठीचा एक साधा सूक्ष्मदर्शक घेतला. त्याची नेत्रिका १० पटीची आहे, फिरत्या तबकडीवर ४, १० आणि ४० पटींची तीन वस्तुभिंगे आहेत आणि उजेडासाठी खाली आरसा आहे. पाऊस उघडल्यावर एका सकाळी आम्ही सिद्धेश्वर तळ्याच्या काठालगतचे थोडे पाणी, त्यातील शेवाळाच्या झुपक्यासह, बरणीत आणले.

पहिले सात-आठ दिवस निराशेत गेले. जितके मोठे भिंग तितके चांगले दिसेल, या समजुतीने आम्ही थेट ४० चे भिंग लावून बसत होतो, आणि राखाडी उजेडात एखादी सावली झपकन निघून जाण्यापलीकडे हाती काही लागत नव्हते. मग मुलीने आपणहून १० चे भिंग लावले आणि शेवाळाच्या तंतूंमध्ये तिला एक लांबट, काचेसारखा पारदर्शक जीव सापडला. तो जळूसारखा अंग आखडत आणि लांबवत चालत होता. थोड्या वेळाने त्याने शेपटीचे टोक एका तंतूला चिकटवले, तोंडाकडून दोन गोल चाके बाहेर काढली आणि ती चाके गरगर फिरू लागली. माझ्या सासऱ्यांचे आयुष्य कापडगिरणीत गेले आहे. त्यांनी डोळा लावून पाहिले आणि चात्या फिरताहेत असेच ते म्हणाले. या चाकांच्या किंचित खाली, शरीराच्या आत, एक लहानशी वस्तू सारखी उघडझाप करत होती. ते हृदयच आहे असे मुलीला वाटले, तिने वहीत चित्र काढून त्याखाली ‘हृदय’ असे लिहिले आणि ती वही शाळेत दाखवली. असले सूक्ष्म जीव एकपेशीय असतात, त्यांना हृदय नसते, असे तिथे तिला सांगण्यात आले. तेव्हापासून ती जरा हिरमुसली आहे, कारण धडधड तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि मीही पाहिली आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. हा जीव कोणता? त्याच्या शरीरात जे हलत होते ते हृदय नसेल तर काय आहे? आणि ४० च्या भिंगाखाली आम्हाला काहीच का दिसत नाही, यंत्रात दोष आहे की आमच्या पद्धतीत?

जुना प्रयोगशाळा सहायक

नमस्कार ताई. मी अनेक वर्षे एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो, त्यामुळे आपले वर्णन वाचताना तो जीव माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आपल्या मुलीने जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले आहे, त्याला दिलेले नाव तेवढे बदलावे लागेल.

तो जीव रोटिफर आहे, आणि जळूसारखी चाल पाहता रोटिफरांपैकी डेलॉइड गटातला आहे. गंमत अशी की या गटाचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थच जळू असा आहे, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांना जे सुचले तेच आपल्यालाही सुचले. त्याची लांबी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असते. इतका लहान असूनही तो एकपेशीय नाही. त्याच्या शरीरात सुमारे हजार पेशी असतात आणि त्यांतून तोंड, जठर, आतडे, स्नायू, मेंदूची एक छोटी गाठ आणि कित्येक जातींत डोळ्यांचे दोन तांबडे ठिपकेसुद्धा तयार झालेले असतात. तेव्हा त्याला हृदय नसते हे शाळेत सांगितलेले खरे, पण तो एकपेशीय आहे म्हणून नसते हे कारण मात्र बरोबर नाही. एवढ्याशा शरीरात रक्त खेळवणाऱ्या पंपाची गरजच पडत नाही. प्राणवायू त्वचेतून आत येतो आणि शरीरातल्या द्रवातून सगळीकडे पोहोचतो.

मग धडधडत होते ते काय? ते त्याचे जबडे होते. रोटिफराच्या घशात मास्टॅक्स नावाचा एक स्नायूंचा गोळा असतो आणि त्याच्या आत कठीण जबडे बसवलेले असतात. चाकांनी ओढून आणलेले जिवाणू आणि शेवाळाचे कण तिथे येतात आणि या जबड्यांच्या मधोमध भरडले जातात. डेलॉइड गटातले जबडे चावण्यापेक्षा दळण्याच्या कामाचे असतात. त्यांच्या रुंद पृष्ठभागावर बारीक खाचा असतात, जात्याला टाकी लावलेली असावी तशा. बाहेरचे शरीर पारदर्शक असल्यामुळे हे जाते आपल्याला चालताना दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते हृदय वाटते. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘रोटिफराचे हृदय’ मी इतक्या वेळा पाहिले आहे की आपल्या मुलीने हिरमुसण्याचे काहीच कारण नाही.

हे तिला स्वतः पडताळून पाहता येईल. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी काळी शाई टाचणीच्या टोकावर घेऊन चमचाभर पाण्यात मिसळावी, आणि त्या पातळ पाण्याचा एक लहानसा थेंब कव्हर स्लिपच्या, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेच्या, कडेला सोडावा. शाईचे कण दोन्ही चाकांपाशी भोवऱ्यासारखे फिरताना दिसतील, त्यांतले काही तोंडात जातील, त्या हलणाऱ्या जागेपर्यंत पोहोचतील आणि थोड्या वेळाने पोटात काळसर पुंजका जमलेला दिसेल. अन्नाची वाट ज्या अवयवातून जाते तो अवयव हृदय असू शकत नाही. शिवाय चाके आत घेऊन तो रांगू लागला की ही हालचाल बहुधा मंदावते किंवा थांबते, आणि हृदय असे जेवणाबरोबर थांबत नाही.

चाकांबद्दलही सांगायला हवे, कारण तीसुद्धा खरोखर फिरत नाहीत. तोंडाभोवती वर्तुळात पक्ष्माभिका असतात, म्हणजे केसांसारखे अतिशय बारीक हलते धागे. ते एकामागून एक वाकतात आणि सरळ होतात, त्यामुळे वाकण्याची लाट वर्तुळात पुढे सरकते आणि डोळ्याला चाक फिरल्याचा भास होतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरून वारा गेला की शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट धावताना दिसते, पण प्रत्येक ताट आपल्या जागीच डोललेले असते. तसेच हे आहे.

आपल्या बरणीत धडधड वाटावी अशा आणखी दोन गोष्टी सापडतील, आणि त्या तिघींमधला फरक मुलीला ओळखता आला तर तिला पुस्तकाबाहेरचे पुष्कळ कळेल असे मला वाटते. चपलेच्या तळव्यासारख्या आकाराचा पॅरामेशियम खरोखरच एकपेशीय असतो. त्याच्या दोन टोकांना दोन स्वच्छ गोल पोकळ्या आळीपाळीने फुगतात आणि साधारण दहा-वीस सेकंदांनी पटकन नाहीशा होतात. या संकोची रिक्तिका. पेशीत सतत शिरणारे जादा पाणी त्या बाहेर टाकतात. फुगण्यापूर्वी रिक्तिकेभोवती चांदणीच्या किरणांसारख्या बारीक नलिका उमटतात, त्या दिसल्या तर तो दिवस सार्थकी लागला समजावे. दुसरी पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया. तिला मात्र खरे हृदय असते. डोळ्याच्या मागच्या बाजूला, पाठीकडे, कवचाखाली ते इतक्या वेगाने चालते की नुसत्या डोळ्यांनी ठोके मोजणे अवघड जाते. म्हणजे एक जबडा, एक पाण्याचा पंप आणि एक हृदय.

४० च्या भिंगाबद्दल इतर जाणकार सांगतीलच. एक काळजी तेवढी आजच घ्यावी: आरशावर थेट सूर्याचे ऊन कधीही घेऊ नये, त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. उत्तरेकडील खिडकीतला उजेड उत्तम.

यंत्रमाग

मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. आमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे आणि कापडातले धागे मोजण्याच्या भिंगापासून माझी ही आवड सुरू झाली. ल्यूवेनहूकविषयी वाचले तेव्हा मला फार आपलेपणा वाटला, कारण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा तो माणूसही कापडाचा व्यापारी होता. त्याने १६७४ मध्ये गावाजवळच्या एका तळ्याचे पाणी स्वतः घासलेल्या एकाच भिंगाखाली पाहिले आणि त्यात हलणारे जीव असल्याचे लिहून कळवले. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगले भिंग सुमारे २७० पट मोठे दाखवते, म्हणजे आपल्या घरचे यंत्र आकड्यांत त्याहून पुढे आहे.

आता ४० च्या भिंगाचे. यंत्रात दोष असेल असे मला वाटत नाही, हिशेब करून पाहिला की कारण लक्षात येते. काचपट्टीच्या जागी प्लॅस्टिकची पारदर्शक मोजपट्टी ठेवून ४ च्या भिंगातून पाहावे आणि वर्तुळात किती मिलिमीटर मावतात ते मोजावे. अशा यंत्रांत ते बहुधा साडेचारच्या आसपास भरतात. भिंग दहापट मोठे झाले की दिसणारी जागा दहापट अरुंद होते, म्हणून ४० च्या भिंगाखाली आपण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा तुकडा पाहत असतो. पॅरामेशियम एका सेकंदात सुमारे एक मिलिमीटर अंतर पोहून जातो. म्हणजे ४ च्या भिंगाखाली त्याला वर्तुळ ओलांडायला चार-साडेचार सेकंद लागतात आणि डोळा त्याच्यामागे सहज जातो, तर ४० च्या भिंगाखाली तो अर्ध्या सेकंदाच्या आत पसार होतो. आपल्याला दिसलेली झपकन जाणारी सावली तीच असावी. नेहमी ४ पासून सुरुवात करावी, जीव मधोमध आणावा, मग १०, आणि तो स्थिरावला असेल तरच ४०.

दुसरे कारण उजेडाचे. हे जीव पारदर्शक असल्यामुळे भरपूर उजेडात ते पुसल्यासारखे होतात. मंचाखाली वेगवेगळ्या आकारांची छिद्रे असलेली एक चकती असते, ती फिरवून छिद्र लहान करावे. चित्र थोडे अंधारते, पण कडा उमटून येतात. मला स्वतःला ही गोष्ट कळायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मी महाग भिंगांच्या चौकश्या करत राहिलो. भिंग न बदलता केवळ चकतीचे छिद्र बदलून मला पॅरामेशियमच्या पक्ष्माभिका पहिल्यांदा दिसल्या.

जीव पळू नये म्हणून आमच्या शहराला साजेसा उपाय आहे. कापसाचे चार-पाच तंतू अगदी विरळ करून थेंबात पसरावेत आणि वर कव्हर स्लिप ठेवावी. तंतूंच्या मधल्या लहान लहान खोल्यांत जीव अडकतात, पण दुखावत नाहीत, आणि अन्न मिळाले की तिथेच रमतात. कव्हर स्लिपशिवाय ४० चे भिंग वापरू नये, कारण ते थेंबाच्या इतके जवळ येते की पाणी भिंगाला लागते. मी काही वेळा थेंबात ग्लिसरीनही घालतो, त्यानेही वेग कमी होतो.

आपण जिवंत काय आणि धूळ काय हे विचारलेले नाही, पण हा प्रश्न उद्या येईलच. अगदी बारीक कण जागच्या जागी थरथरताना दिसतात, ते जिवंत असतीलच असे नाही. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात आणि ही थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांमधल्या बारीक कणांत नोंदवली होती. थेंब कडेने वाळू लागला की सगळेच एका दिशेने वाहते, तेही जीवन नव्हे. या प्रवाहाच्या उलट जो जातो, तो जिवंत. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, विशेषतः उन्हाळ्यात, थेंब पाहता पाहता वाळतो, म्हणून कव्हर स्लिपच्या कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ द्यावी. तासभर तरी निश्चिंतपणे पाहता येते.

जुना प्रयोगशाळा सहायक

वरील उत्तर फार उपयोगी आहे आणि छिद्राच्या चकतीबद्दलचे म्हणणे तर मी शब्दशः मान्य करतो. ग्लिसरिनाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दाट द्रव बाहेर आला की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, जीव सुरकुततो आणि मंदावलेला दिसतो तो बहुतेक वेळा मरणाच्या वाटेवर असतो. शिवाय इथे प्रश्न धडधडीचा आहे. बाहेरच्या पाण्यात क्षार किंवा असे पदार्थ वाढले की आत शिरणारे पाणी कमी होते आणि पॅरामेशियमची संकोची रिक्तिका सावकाश चालू लागते, तेव्हा अशा थेंबात मोजलेला आकडा त्या जीवाचा नेहमीचा आकडा राहत नाही. कापसाचे तंतू पुरेसे आहेत. फारच घाई असेल तर टिपकागदाच्या तुकड्याने कडेचे थोडे पाणी शोषून घ्यावे, म्हणजे कव्हर स्लिप खाली बसते आणि जीव हळुवारपणे दाबून धरला जातो. पण डोळे लावूनच हे करावे, कारण थोडे अधिक पाणी गेले की तो चिरडतो.

मंगळवेढ्याची ज्वारी

मी मंगळवेढ्याजवळच्या एका गावात शाळेत शिकवतो. मुलांना दरवर्षी हे जीव दाखवतो, आणि त्यासाठी तळ्यावर वारंवार जावे लागू नये म्हणून घरच्या घरी त्यांची पैदास करतो. पुस्तकांत वाळलेल्या गवताचा काढा सांगितलेला असतो. आमच्याकडे गवताऐवजी कडबा आहे आणि तो तितकाच चांगला चालतो. कडब्याचे बोटभर लांबीचे आठ-दहा तुकडे पाण्यात दहा मिनिटे उकळावेत, पाणी पूर्ण निवू द्यावे आणि त्यात तळ्याचे वाटीभर पाणी गाळासकट घालावे. नळाचे ताजे पाणी वापरू नये, त्यातल्या क्लोरीनने जीव मरतात. घरात दोन दिवस उघड्या भांड्यात साठवलेले पाणी चालते, आणि तसे पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्या घरात नसते!

तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होते आणि वास येतो. तो जिवाणूंचा बहर. घाबरून पाणी फेकू नये, कारण पुढच्या पंगतीचे अन्न तेच आहे. त्यानंतर अगदी लहान, वेगाने पळणारे जीव दिसतात, आठ-दहा दिवसांत पॅरामेशियम वाढतात आणि आणखी काही दिवसांनी, पाणी निवळू लागले की, रोटिफर. एक उकडलेला गव्हाचा दाणा टाकत राहिले तर हे जग महिनाभर टिकते. एका वर्षी मी मुद्दाम कडबा न उकळता तसाच साठवलेल्या पाण्यात भिजत घातला, तळ्याचे पाणी अजिबात घातले नाही, तरी दोन दिवसांत त्यात घेवड्याच्या बीसारखे वाकडे, कोल्पोडा नावाचे एकपेशीय जीव पोहत होते. हे जीव कोरड्या काळात स्वतःभोवती कवच करून धुळीत आणि वाळल्या पानांवर पडून राहतात आणि पाणी मिळताच बाहेर येतात. मुलांना हे दाखवल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. बरणीवर मात्र पातळ कापड घट्ट बांधून ठेवावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतील, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पाणपिसू हवी असेल तर सिद्धेश्वर तळ्यापेक्षा मासे नसलेले लहान डबके शोधावे, कारण माशांना ती फार आवडते. एकरुख तलावाच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या, काठाला पाऊस ओसरल्यावर जी उथळ डबकी उरतात तिथे पाहावे. जलपर्णी असेल तर तिच्या मुळ्या बरणीत पिळाव्यात, त्या पाण्यात इतके काही निघते की एका संध्याकाळी पुरत नाही. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा साय धरलेला थर असेल तिथे मात्र हात घालू नये, तसल्या शेवाळातल्या काही जाती विषारी असतात.

डबक्यातून पाणपिसूबरोबर सायक्लॉप्सही येईल. तो झटके देत पोहतो, कपाळावर एकच डोळा असतो आणि मादीच्या शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. मुलीला सांगावे की याच्यात हृदय शोधून पाहा. सापडणार नाही, कारण याला हृदय नसते. आतड्याच्या आणि स्नायूंच्या हालचालींनीच त्याच्या शरीरातला द्रव घुसळला जातो. म्हणजे डबक्यातल्या एकाच चमचाभर पाण्यात, जवळजवळ एकाच आकाराचे दोन प्राणी, एकाला हृदय आहे आणि दुसऱ्याला नाही. जीवसृष्टीत आकारावरून अनुमान काढू नये हे मला वर्गात सांगायचे असते, तेव्हा मी या दोघांना शेजारी शेजारी ठेवतो.

सायक्लॉप्सशी आपल्या भागाचे जुने वैर आहे. नारू या रोगाचा जंतू याच्याच पोटातून माणसाच्या पोटात जात असे. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस उतरला की त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स त्या खाई आणि तेच पाणी पुढचा माणूस पिई. माझी आजी घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड धरल्याशिवाय पाणी भरत नसे. सायक्लॉप्सची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे तो कापडात अडकतो, हे तिला माहीत नव्हते, पण तिचा उपाय अचूक होता. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तेव्हा मुलांना सायक्लॉप्स दाखवताना मी ही हकिगत नेहमी सांगतो, कारण त्यांच्यापैकी कुणी नारू हा शब्दही ऐकलेला नसतो.

होटगी रोड

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे मुलीने ठरवले होते.

छिद्राची चकती आमच्या यंत्रात होती. आम्ही ती कधी हलवलीच नव्हती. ती फिरवल्यावर जो फरक पडला तो पाहून सासरे म्हणाले की यंत्र आजच घरी आले. मोजपट्टीने आमचे वर्तुळ साडेचार मिलिमीटर भरले. कापसाच्या तंतूंत एक पॅरामेशियम चांगला दहा मिनिटे अडकून राहिला आणि मुलीने त्याच्या एका रिक्तिकेचे सलग बारा वेळा फुगणे मोजले. दोन रिकामे होण्यांमध्ये कधी अकरा, कधी चौदा सेकंद जात होते. चांदणीचे किरण तिला दोनदा दिसले, मला एकदाही नाही.

हिप्परग्याच्या डबक्यात पाणपिसूही मिळाली. ठोके मोजता येईनात, म्हणून मुलीने सासऱ्यांना घड्याळ धरायला बसवले आणि स्वतः नेत्रिकेला डोळा लावून प्रत्येक ठोक्याला कागदावर पेन्सिलीचा ठिपका देत गेली. दहा सेकंदांत ४१ ठिपके झाले, म्हणजे मिनिटाला २४६. पाण्याचा थेंब फ्रिजमधल्या पाण्याने थोडा गार केल्यावर ठोके स्पष्टपणे मंदावले आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा वाढले. वहीत आता तीन चित्रे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांखाली ‘जबडा’, ‘रिक्तिका’ आणि ‘हृदय’ असे लिहिले आहे. तिच्या बाईंनी ती वही वर्गात सर्वांना दाखवली आणि सूक्ष्मदर्शक एक दिवस शाळेत आणायला सांगितले आहे.

शाईचा प्रयोगही केला. कण तोंडात जाताना दिसले आणि पोट काळे झालेले दिसले, त्यामुळे जबड्याबद्दल तिच्या मनात शंका राहिलेली नाही. मात्र काल रात्री एक नवीच गोष्ट दिसली. एका मोठ्या रोटिफराच्या घशातले जबडे नेहमीप्रमाणे चालत होते, आणि त्याच वेळी त्याच्या शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात, आतड्याच्या कडेला, तशाच आकाराचे पण खूप लहान जबडे मधूनमधून हलत होते. दोघांनी आळीपाळीने पाहिले, भास नव्हता. त्याने दुसरा रोटिफर गिळला असेल का?

जुना प्रयोगशाळा सहायक

गिळलेला नाही. गिळला असता तर तो आतड्यात असता आणि त्याचे जबडे चालले नसते. डेलॉइड रोटिफरांच्या काही जाती अंडी बाहेर टाकत नाहीत. पिल्लू आईच्या शरीरातच वाढते आणि पूर्ण तयार झाल्यावर बाहेर येते. त्याचे जबडे जन्माआधीच तयार होतात आणि हलूही लागतात, म्हणून काचेसारख्या आईच्या पोटात ते आपल्याला दिसले. इतकी वर्षे प्रयोगशाळेत काढूनही मला हे दृश्य मोजक्या वेळाच मिळाले आहे.

आणखी एक गोष्ट मुलीला सांगावी. डेलॉइड रोटिफरांमध्ये नर आजवर कुणालाही सापडलेला नाही. सगळ्या माद्याच असतात आणि प्रत्येक आई एकटीच पुढची पिढी जन्माला घालते. त्यामुळे कालच्या थेंबात आपण दोघींनी जे पाहिले ते एक आई आणि तिची मुलगी होती. तो थेंब टाकून दिला नसेल तर कडेने थोडे पाणी सोडत राहावे. जन्माचा क्षण पाहायला मिळण्याची शक्यता आहे. आणि थेंब वाळून गेला असला तरी काचपट्टी लगेच धुऊ नये. वाळल्यावर मृतवत पडून राहणे आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागणे ही या गटाची खासियत आहे. ल्यूवेनहूकनेच १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतली कोरडी धूळ भिजवून हे पाहिले होते, आणि सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचे डेलॉइड पुन्हा हलू लागल्याचे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. काचेवर एकदम वाळलेले सगळेच वाचतात असे नाही, गाळात किंवा शेवाळात हळूहळू वाळलेले अधिक वाचतात. तरीही साठवलेल्या पाण्याचा एक थेंब त्या जागी सोडावा आणि ४ च्या भिंगाखाली तासभर वाट पाहावी.